फुलांच्या दुकानाचें पत्र व त्याचा 'विषय'

दारास फुलपुडी अडकवून जाणारा मनुष्य गिरगांवांतील वा दादरमधील जुन्या बिऱ्हाडांस नवा नाहीं. पुडीच्या पानांतून जुईचा वास आला कीं आंत काय आहे हें उघडण्यापूर्वींच कळे. तिला मथळ्याची गरज नव्हती. आतां तेंच फुलांचें दुकान आपल्या गिऱ्हाइकांस ई-मेलनें पत्रें धाडूं लागलें आहे, आणि या पत्रांस वास नसतो. त्याच्या जागीं असते ती 'विषय' म्हणून एकच ओळ. घरांतील मुलगा वा सून लोकलच्या गर्दींत मोबाइलवर ती ओळ वाचते आणि पत्र उघडावयाचें कीं पुसून टाकावयाचें हें क्षणार्धांत ठरविते.

दादरचा फूलबाजार ज्यांनीं पहाटे पाहिला आहे, त्यांस या ओळीचें महत्त्व वेगळें सांगावयास नको. सेनापति बापट मार्गावरील मीनाताई ठाकरे फूल मंडईंत पुणें, नाशिक या बाजूंकडील झेंडू, शेवंती, गुलछडी रात्रींच येऊन पडतात. वसईकडील बागाईतदार आपलीं फुलें लोकलनें आणतात. माल किती उचलावा हें दुकानदारास उजाडण्यापूर्वीं ठरवावें लागतें. कापड उरलें तर उद्यां विकतां येतें. मोगरा संध्याकाळीं उरला तर तो टाकूनच द्यावा लागतो. सबब आदल्या दिवशीं किती घरांनीं मागणी नोंदविली, यावर त्याचा नफातोटा अवलंबून असतो.

आमचा एक जुना विद्यार्थी दादरास हा धंदा करितो. त्यानें आपल्या पत्रांचे विषय मध्यंतरीं आमच्यापुढें ठेविले. 'खास आपल्यासाठीं!', 'संधी दवडूं नका!', 'महाधमाका!' अशा त्या ओळी होत्या. बहुतेकींत फुलाचें नांवच नव्हतें. चपलांच्या दुकानासही त्या तितक्याच शोभल्या असत्या.

ग्रंथारंभीं चार गोष्टी स्पष्ट कराव्यात असा आपल्या शास्त्रकारांचा दंडक आहे: विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी. यांस अनुबंधचतुष्टय म्हणतात. फुलवाल्यास वेदान्त शिकवावयाचा नाहीं हें खरें. परंतु ही कसोटी त्याच्या ओळीस चांगली लागू पडते. 'उद्यां हरितालिका: केवडा व पत्री सकाळीं ७ पूर्वीं घरपोंच' ही ओळ पाहावी. केवडा व पत्री हा विषय झाला, पूजा हें प्रयोजन. संबंध तो ओळ आणि पत्र यांमधला: ओळींत केवडा म्हटला तर पत्रांतही केवडाच असावा, गुलाबाच्या गुच्छाचें चित्र नसावें.

खरी मेख आहे ती अधिकाऱ्यांत, म्हणजे हें पत्र वाचण्याची ज्यास गरज आहे त्या मनुष्यांत. श्रावणी सोमवारीं 'शंकरासाठीं ताजा केवडा' असें लिहिणाऱ्याचें पत्र घरांतील आजीबाई उघडूं देणार नाहींत; शंकरास केतकी वर्ज्य, हें तिला पाठ असतें. तेरड्याची आठवण गौरींच्या आधीं हवी, वेण्यांची मार्गशीर्षांतील गुरुवारांपूर्वीं. लालबाग-परळच्या मंडळांस हाराची लांबी कळावयास हवी. देव्हाऱ्याच्या पुडीची जाहिरात त्यांस काय कामाची? पण याहून मोठा प्रमाद आमच्या विद्यार्थ्याच्या यंत्रानें केला. 'मागील वर्षीं याच दिवशीं आपण फुलें मागविलीं होतीं. यंदाही आनंद साजरा करूं या!' असें पत्र तें आपोआप धाडीत असे. एका घरानें त्या दिवशीं हार मागविले होते ते वडिलांच्या अंत्ययात्रेसाठीं. मुलानें उत्तर लिहिलें नाहीं, नांव मात्र यादींतून काढविलें. विद्यार्थी स्वतः त्यांच्या घरीं जाऊन क्षमा मागून आला आणि तीं आपोआप जाणारीं पत्रें त्यानें बंद केलीं.

न मागितलेलें जाहिरातीचें पत्र ही गोष्ट कांहीं आजची नव्हे. रे टॉमलिन्सन यानें १९७१ सालीं एका संगणकावरून दुसऱ्यावर पहिलें पत्र धाडलें, आणि ३ मे १९७८ रोजीं गॅरी थुएर्क यानें आपल्या कंपनीच्या संगणकांची जाहिरात सुमारें ४०० जणांस एकदम पाठविली. तिच्यावर तेव्हांही तक्रारी झाल्याच. अमेरिकेनें २००३ सालीं दिशाभूल करणारा विषय लिहिण्यास कायद्यानें मनाई केली. आपल्याकडे २०२३ च्या नोव्हेंबरांत केंद्र सरकारनें काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत खोटी घाई उत्पन्न करणें हा दोष गणला आहे. 'फक्त आजच' ही ओळ सलग चार दिवस धाडणाऱ्यांनीं हें वाचून ठेवावें.

आतां लांबीविषयीं. अर्धी मात्रा वांचली तरी वैयाकरणांस पुत्रजन्माचा आनंद होई असें म्हणतात. तो आनंद येथें उपयोगी आहे. मोबाइलवर ३०-४० अक्षरांपुढची ओळ बहुधा दिसतच नाहीं, आणि यंत्र कानामात्रा स्वतंत्र मोजतें. 'केवडा' हा आपल्या लेखीं तीन अक्षरांचा शब्द त्याच्या लेखीं पांचांचा. म्हणून फूल वा सण आरंभीं, दुकानाचें नांव ओळींत नकोच. तें प्रेषकाच्या जागीं असतेंच. उद्गारचिन्हें तर आम्हीं सरसकट खोडलीं.

दसऱ्याची ओळ मात्र वादाची ठरली. त्यास 'सर्वांत स्वस्त झेंडू' असें लिहावयाचें होतें. भाव तर पहाटे मंडईंत ठरावयाचा! आम्हीं सुचविलें: 'दसरा: झेंडूची नोंद आज, भाव उद्यां पहाटे'. ओळ त्यास फार रुक्ष वाटली, शेजारचे दुकानदार हंसतील अशीही भीति त्यानें बोलून दाखविली. शेवटीं निम्म्या गिऱ्हाइकांस ही आणि निम्म्यांस त्याची, 'सर्वांत' हा शब्द गाळून, धाडावी असें ठरलें आहे.