ऋतू तसे चाक

पेण आणि रोहा हे रायगड जिल्ह्यातील भातशेतीचे तालुके होत. आषाढात खाचरे पावसाने तुडुंब भरली, की तेथे चिखलणीची घाई सुरू होते. पूर्वी हे काम केवळ बैलांच्या बळावर चाले; आता अनेक ठिकाणी पॉवर टिलर व ट्रॅक्टर ते करतात. खाचरात उतरण्यापूर्वी या यंत्रांना लोखंडी पट्ट्यांची, पिंजऱ्यासारखी चाके जोडतात. रबरी चाके चिखलात रुतून जागीच फिरू लागतात. लोखंडी पट्ट्या मात्र चिखल कापीत पुढे सरकतात. काम संपले, की शेतकरी ती चाके काढून ठेवतो. कारण त्याच चाकांनी यंत्र डांबरी सडकेवर आणले, तर सडक उखडेल आणि यंत्रालाही हादरे बसतील. जे चाक चिखलात उपकारक, तेच सडकेवर अपायकारक ठरते.

थंड देशांतील लोकांना मोटारीच्या टायरांविषयी असाच विचार करावा लागतो. तेथे हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ साचते. साधारणपणे ७ अंश सेल्सिअसच्या खाली तापमान गेले, की नेहमीच्या टायरचे रबर ताठर होऊ लागते आणि त्याची रस्त्यावरील पकड ढिली पडते. यावर उपाय म्हणून फिनलंड देशात १९३४ साली मालमोटारींसाठी बर्फात चालणारा खास टायर तयार करण्यात आला. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते. त्याच्या पृष्ठभागावर खोल खाचा असतात, तसेच असंख्य बारीक चिराही असतात. त्या चिरांच्या कडा बर्फाला जणू नखांप्रमाणे धरून ठेवतात. स्वीडनमध्ये १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात रस्त्यावर बर्फ असल्यास मोटारींना असे टायर लावणे कायद्याने आवश्यक आहे. जर्मनीत 'ऑक्टोबर ते ईस्टर' हा हिवाळी टायरांचा काळ मानण्याची रीत आहे.

मग हेच टायर बारा महिने वापरले तर काय बिघडेल? दोनदा चाके बदलण्याचा त्रास तर वाचेल! परंतु उन्हाळ्यात तापलेल्या सडकेवर ते मऊ रबर अधिकच मऊ होते. चिरांमुळे सुटे झालेले त्याचे लहान लहान ठोकळे ब्रेक लावताच वाकतात. त्यामुळे गाडी थांबण्यास अधिक अंतर लागते आणि टायरही लवकर झिजतो. वाचवलेला त्रास अशा रीतीने महागात पडतो.

पेण-रोह्याकडे बर्फ पडत नाही; तेथील थंडीही सौम्य असते. म्हणून तेथे हिवाळी टायरांचे काहीच प्रयोजन नाही. एकच टायर तिन्ही ऋतूंत चालतो. तथापि त्याची खरी कसोटी पावसाळ्यात लागते. मुंबई-गोवा महामार्ग पेण, वडखळ, नागोठणे यांवरून सुकेळी खिंड ओलांडून कोलाडला जातो आणि तेथून रोह्याला वाट फुटते. मुसळधार पावसात या सडकांवर पाण्याचा थर साचतो. धावत्या मोटारीचे प्रत्येक चाक जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर टेकलेले असते. त्या एवढ्याशा जागेखालील पाणी क्षणार्धात बाजूला सारण्याचे काम टायरच्या खाचा करतात. शेतातील पाट जसे जादा पाणी वाहून नेतात, तशाच या खाचा होत.

खाचा झिजून टायर 'गोटा' झाला, की पाण्याला वाट उरत नाही. वेग अधिक असेल, तर चाक सडक सोडून पाण्यावर तरंगू लागते. मग सुकाणू फिरवले तरी गाडी वळत नाही आणि ब्रेक दाबला तरी थांबत नाही. कोरड्या सडकेवर निमूटपणे चाललेला टायर पहिल्याच पावसात जीवघेणा ठरू शकतो. म्हणूनच मोटारगाडीच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर खोल असावी, असा भारतात नियम आहे. खाचांच्या तळाशी मधूनमधून लहान उंचवटे असतात. झिजता झिजता टायरचा पृष्ठभाग त्यांच्या बरोबरीला आला, की टायर बदलण्याची वेळ झाली, असे समजावे. खरे पाहता, तितकी झीज होईपर्यंत थांबणेही शहाणपणाचे नाही. कारण खाच जितकी उथळ, तितके पाणी कमी निघते.

मृग नक्षत्रापूर्वी शेतकरी बांध नीट करतो आणि घरमालक कौले चाळतो. वाहन बाळगणाऱ्यानेही त्याच वेळी टायरच्या खाचा आणि त्यातील हवा तपासून घ्यावी. सडक ओली असताना वेगही आवरावा. चाक कोणते लावावे, हे त्या त्या प्रदेशाचे हवामान ठरवते. परंतु लावलेले चाक सुस्थितीत ठेवणे हे सर्वस्वी माणसाच्या हाती असते.