दिवसाचा पाऊस, पंधरा मिनिटांचं गटार

अमळनेरमध्ये गटाराचं माप काढायला बसलं की हाती असतो तो दिवसाचा पाऊस, सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ. महसूल खात्याची अतिवृष्टीही याच आकड्यावर ठरते: २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर. पंचनाम्याला तेवढं पुरतं, गटाराला नाही. तेवढाच पाऊस दिवसभर रिपरिपला तर रस्ता नुसता ओला होतो. पाऊण तासात कोसळला तर घरांत शिरतो.

आधी दरवर्षीचा सर्वांत मोठा दिवस निवडायचा. असे तीस-चाळीस आकडे उतरत्या क्रमाने लावले, की पाच वर्षांतून सरासरी एकदा येणारा पाऊस कुठे बसतो ते दिसतं. मग दिवसाचा तास करायचा. हवामान खात्याचं जुनं सूत्र आहे: तासांना २४ने भागा, घनमूळ काढा, दिवसाच्या पावसाला गुणा. समजा दिवसाचे १२० मिमी आले. तासाला ४२ मिमी निघतात, पण सर्वांत जोराच्या पंधरा मिनिटांतच २६, म्हणजे ताशी १०५चा वेग. थोडं मुरणारं-साचणारं पाणी वगळून दोन हेक्टरांच्या सिमेंटच्या कॉलनीतून पहिल्या हिशोबाने सेकंदाला १८५ लिटर पाणी येतं, दुसऱ्याने ४६६. एवढ्या लहान कॉलनीत लांबच्या कोपऱ्यातलं पाणीसुद्धा पंधरा मिनिटांत गटाराच्या तोंडाशी पोचतं, तेव्हा धरायचा तो दुसराच आकडा. तिथे पूर्वी कपाशी असेल, तर यातलं बरंच पाणी मातीत मुरत होतं, हेही ध्यानात ठेवावं.

कागद झाला की गल्लीत जायचं. ओट्यावरचे आजोबा भिंतीवरची पाण्याची खूण दाखवत म्हणतात, ‘तासभरमा गल्ली भरी गयी, भाऊ.’ हा तास कोणत्याच वहीत नसतो.

शिवाय हा सगळा हिशोब मागच्यासारखाच पाऊस पुढे पडेल या भरवशावर उभा आहे, आणि तो भरवसा आता धरवत नाही. हवा एका अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते. मध्य भारतात दिवसाला १५० मिमीहून मोठ्या पावसाच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला, त्याच दिवशी कुलाब्याला शंभरही नाही. तालुक्याच्या एका आकड्यावर अख्खं गाव मोजणं म्हणूनच मला धोक्याचं वाटतं. दर पंधरा मिनिटांची नोंद ठेवणारे दोन-तीन मापक गावातच हवेत, नदीकाठी एक आणि नव्या वस्तीत एक तरी. आणि बोरी नदीकडे जाणाऱ्या गटाराचं तोंड पुराच्या रेषेच्या वर ठेवता येत नसेल, तर तिथे झडप बसवावी. नाहीतर रुंद केलेल्या गटारातून नदीच गल्लीत येते.