उधारीचा तंटा आणि लोकअदालत

समजा, लोहाऱ्याच्या एका वेल्डिंगवाल्याने गेट बनवून दिले. बिल चाळीस हजारांचे, हाती आले वीस. अशा वेळी आपले कारागीर बंधू एक तर गप्प बसतात, नाही तर थेट दावा ठोकतात. मधला रस्ता आम्ही येथे सांगत आहोत.

यवतमाळच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज द्यावा. दावा दाखल नसला तरी चालते, फी लागत नाही. समोरच्याला बोलावणे जाते व प्रकरण लोकअदालतीत येते. तेथे समझोता झाला, तर १९८७ च्या कायद्याने त्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते; अपील नाही. पैसे दिले नाहीत तर दरखास्त लावून वसुली होते. मात्र दोघांची राजी हवी. समोरचा आलाच नाही, तर निवाडा लादता येत नाही.

जमातीचे पंच तंटा मिटवतात, हे चांगलेच. पण त्यांच्या तोंडी समझोत्यावर थेट जप्ती आणता येत नाही.

खरी मेख मुदतीची आहे. उधारीच्या दाव्याला साधारण तीन वर्षे मिळतात. "ईदनंतर देतो, कापूस विकला की देतो" अशा तोंडी वायद्यांनी ती थांबत नाहीत. मुदत संपण्यापूर्वी बाकी कबूल असल्याची त्याच्या सहीची चिठ्ठी घ्यावी. सहीच्या तारखेपासून मुदत नव्याने सुरू होते. चेक परत आला असेल तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावीच लागते, मग बोलणी चालू असोत वा नसोत.