डीएनएसमधली सेटिंग्ज ॲन्सिबलने कशी उचलायची

एखादं वेब ॲप चार-पाच सर्व्हरवर चालत असलं की प्रत्येक ठिकाणी त्याला काही गोष्टी सांगाव्या लागतात: डेटाबेस कुठे आहे, कोणत्या पोर्टवर आहे, लॉग किती तपशिलात ठेवायचा. ही माहिती सहसा त्या त्या सर्व्हरवरच्या फाइलमध्ये असते. डेटाबेस हलवला की सगळ्या फाइली बदलायच्या. त्यातली एखादी राहून गेली तर काही ग्राहकांच्या ऑर्डरी नव्या डेटाबेसमध्ये पडतात आणि काहींच्या जुन्यात. अशी माहिती एका जागी ठेवण्यासाठी कन्सल किंवा एटसीडी अशी वेगळी सॉफ्टवेअर आहेत आणि ती चांगलीही आहेत, पण ती उभारून रोज सांभाळायला माणूस लागतो. डीएनएस मात्र आपल्याकडे आधीपासून चालू असतं. थोडी, गुपित नसलेली आणि क्वचित बदलणारी सेटिंग्ज ठेवायला ते पुरेसं आहे.

डीएनएस म्हणजे नाव सांगितलं की त्याचा पत्ता देणारी यंत्रणा. पॉल मॉकापेट्रिस यांनी ती १९८३ मध्ये मांडली आणि १९८७ च्या आरएफसी १०३४ आणि १०३५ या मानकांवर ती आजही उभी आहे. तिच्यात पत्त्यांखेरीज साधा मजकूर ठेवायचीही सोय आहे. त्या नोंदीला टीएक्सटी म्हणतात. अशा नोंदीत ‘नाव, बरोबरचं चिन्ह, मूल्य’ या रूपात माहिती ठेवायची कल्पना १९९३ च्या आरएफसी १४६४ मध्ये मांडलेली आहे. म्हणजे आपण काही आडवाटेला जात नाही.

ॲन्सिबल हे सर्व्हरवरची कामं आपोआप करून घेणारं साधन. काय काय करायचं ते आपण एका फाइलमध्ये लिहितो, तिला प्लेबुक म्हणतात. ती जिथून चालवली जाते त्या संगणकाला कंट्रोल नोड म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवावा, पुढे त्याच्यावरच बरंच काही अवलंबून आहे.

पहिलं काम नोंद लिहिण्याचं. सेटिंग्जसाठी वेगळं नाव घ्यावं, उदाहरणार्थ ‘अंडरस्कोर कॉन्फिग डॉट दुकान डॉट एक्झाम्पल डॉट कॉम’. मुख्य डोमेनच्या नावावर ती ठेवू नयेत, कारण तिथे बहुधा ईमेलसाठीची एसपीएफ नोंद आधीच असते. तीही टीएक्सटीच असल्याने उत्तरात दोन्ही एकत्र येतात.

एका नोंदीत एकच सेटिंग लिहावं: एकीत डीबी-होस्ट आणि त्याचं मूल्य, दुसरीत लॉग-पातळी आणि तिचं मूल्य. नोंदीतला सगळा मजकूर दुहेरी अवतरणचिन्हांत घालायला विसरू नये. झोन फाइलमध्ये, म्हणजे डीएनएस सर्व्हर ज्या फाइलमधून नोंदी वाचतो तिच्यात, अर्धविरामानंतरचं सगळं टिप्पणी समजून सोडून दिलं जातं. अवतरणं नसतील आणि मूल्यात अर्धविराम असेल तर मूल्य मधेच तुटतं, आणि सर्व्हर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

लांबीचीही मर्यादा आहे. टीएक्सटीमधला एक तुकडा जास्तीत जास्त २५५ बाइटचा असतो. देवनागरीतलं एक अक्षरचिन्ह साधारणपणे ३ बाइट घेतं, त्यामुळे मराठी मजकूर चटकन मर्यादा गाठतो. लांब मूल्य तुकडे पाडून लिहिता येतं, पण वाचणाऱ्या प्रोग्रॅमला ते जोडावे लागतात आणि तिथे मधली अवतरणचिन्हं मूल्यात शिरतात. मूल्य इतकं लांब होत असेल तर ते डीएनएसमध्ये ठेवूच नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

नोंद टाकली की ॲन्सिबलकडे वळण्याआधी ती हाताने वाचून पाहावी. त्यासाठी डिग नावाची आज्ञा आहे. तिला नोंदीचा प्रकार, नाव आणि ‘प्लस शॉर्ट’ दिलं की फक्त उत्तर दिसतं. ही तपासणी आपल्या लॅपटॉपवरून न करता कंट्रोल नोडवरून करावी. पुष्कळ कार्यालयांत आतल्या नेटवर्कला डीएनएस एक उत्तर देतं आणि बाहेरून विचारणाऱ्याला दुसरं.

आता ॲन्सिबलची तयारी. बाहेरून माहिती आणण्याच्या सोयीला ॲन्सिबलमध्ये लुकअप म्हणतात. डीएनएससाठीचा लुकअप यान-पीट मेन्स यांनी लिहिला, त्याचंही नाव डिगच आहे आणि तो ‘कम्युनिटी जनरल’ या संचात मिळतो. त्याला डीएनएसपायथन ही लायब्ररी लागते. इथे नवखे हमखास अडकतात. लायब्ररी नाही असा संदेश दिसतो, माणूस ती सगळ्या सर्व्हरवर बसवत सुटतो आणि संदेश तसाच राहतो. लुकअप सर्व्हरवर चालतच नाही, तो कंट्रोल नोडवर चालतो. लायब्ररी तिथेच हवी, आणि ॲन्सिबल ज्या पायथनवर चालतं त्याच पायथनमध्ये हवी.

याचाच दुसरा परिणाम असा, की उत्तरही कंट्रोल नोडला जे दिसतं तेच येतं. सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये असोत की आणखी कुठे, प्रश्न विचारतो तो कंट्रोल नोड. ठरावीक डीएनएस सर्व्हरलाच विचारायचं असेल तर लुकअपमध्ये ‘ॲट’च्या चिन्हापुढे त्याचा पत्ता देता येतो.

मग प्लेबुकमध्ये लुकअप लिहायचा: नाव द्यायचं आणि प्रकार टीएक्सटी असल्याचं सांगायचं. एका नावावर अनेक नोंदी असतील तर साधा लुकअप त्या स्वल्पविरामाने जोडून एकच लांब ओळ देतो. एखाद्या मूल्यातच स्वल्पविराम असला की ती ओळ पुन्हा नीट तोडता येत नाही. म्हणून लुकअपऐवजी क्वेरी हे रूप वापरावं, त्यातून प्रत्येक नोंद वेगळी असलेली यादी मिळते.

यादीतली प्रत्येक नोंद बरोबरच्या चिन्हापाशी तोडायची, पण फक्त पहिल्याच चिन्हापाशी. डेटाबेसच्या जोडणीच्या ओळीत पुढेही बरोबरची चिन्हं असू शकतात, आणि सगळीकडे तोडलं तर मूल्याचं शेपूट हरवतं. ओळ तोडणाऱ्या स्प्लिटला चिन्हापुढे १ हा आकडा दिला की हे टळतं.

यानंतरचा दोष चटकन दिसत नाही, म्हणून तो सविस्तर सांगतो. डीएनएस एकाच नावाच्या नोंदी कोणत्या क्रमाने देईल याची हमी नसते. आता डीबी-होस्ट आधी आला, तर पुढच्या वेळी लॉग-पातळी आधी येईल. आपण यादी जशीच्या तशी टेम्प्लेटमध्ये, म्हणजे सेटिंग्जच्या फाइलच्या साच्यात, ओतली तर दर वेळी फाइलमधल्या ओळींचा क्रम बदलतो. ॲन्सिबलला वाटतं फाइल बदलली, म्हणून ते ॲप पुन्हा सुरू करतं. एकही सेटिंग बदललेलं नसताना ॲप बंद-चालू होत राहतं आणि कारण सापडत नाही. उपाय एका शब्दाचा आहे: यादी साच्यात घालण्याआधी तिला सॉर्ट लावावं.

नोंदच सापडली नाही तर काय होतं, हेही आधीच पाहून ठेवावं. हा लुकअप अशा वेळी थांबत नाही. नाव अस्तित्वात नसेल तर तो ‘एनएक्सडोमेन’ हा शब्दच उत्तर म्हणून परत देतो, आणि सर्व्हरने वेळेत उत्तर दिलं नाही तर रिकामा मजकूर देतो. आपण खबरदारी म्हणून डीफॉल्ट मूल्य लिहिलेलं असतं, पण मजकूर मिळालेलाच असल्यामुळे ते लागूच होत नाही. मग सेटिंग्जच्या फाइलमध्ये डेटाबेसच्या जागी ‘एनएक्सडोमेन’ लिहिलं जातं आणि ॲप त्या नावाच्या यंत्राचा शोध घेत बसतं. म्हणून ‘फेल ऑन एरर’ हा पर्याय चालू ठेवावा. काम तिथेच थांबेल, जुनी फाइल शाबूत राहील आणि चूक कुठे आहे तेही कळेल.

आणखी एक सवय लावून घ्यावी. प्लेबुकच्या चलांमध्ये लुकअप लिहिला तर ते चल जितक्या वेळा वापरलं जाईल तितक्या वेळा डीएनएसला नव्याने विचारलं जातं. त्यामुळे वेळ तर जातोच, शिवाय मधेच नोंद बदलली तर पहिल्या सर्व्हरला जुनं मूल्य आणि शेवटच्याला नवं मिळू शकतं. सुरुवातीलाच सेट फॅक्टने मूल्य एकदा पकडून ठेवावं आणि ते काम एकदाच चालेल असं सांगावं.

फाइल खरोखर लिहिण्याआधी प्लेबुक चेक आणि डिफ हे दोन पर्याय देऊन चालवावं. काहीही न बदलता, कोणत्या ओळी बदलणार आहेत ते पडद्यावर दिसतं.

पासवर्ड, गुप्त किल्ल्या किंवा ग्राहकांची माहिती या नोंदींत कधीही ठेवू नये. सातबारा जसा कोणीही पाहू शकतो, तशी सार्वजनिक डीएनएसमधली नोंद ज्याला नाव ठाऊक आहे त्या कोणालाही वाचता येते. डीएनएससेकमुळे उत्तर खरं असल्याची सही मिळते, पण उत्तर झाकलं जात नाही. गुपितांसाठी ॲन्सिबल व्हॉल्ट आहे.

शेवटचा टप्पा सेटिंग बदलण्याचा. प्रत्येक नोंदीला टीटीएल असतो, म्हणजे उत्तर किती सेकंद लक्षात ठेवायचं त्याचा आकडा. तो ८६४०० असेल तर मधले सर्व्हर पूर्ण दिवसभर जुनं उत्तर देऊ शकतात. म्हणून बदलाच्या किमान एक दिवस आधी तो ३०० वर आणावा, मग मूल्य बदलावं. ‘अशी नोंद नाही’ हे उत्तरही असंच लक्षात ठेवलं जातं, त्यामुळे नवी नोंद टाकण्याआधीच तिची चौकशी केली असेल तर टाकल्यावरही काही काळ ती सापडणार नाही. अशा वेळी घाबरून नोंद पुन्हा पुन्हा लिहू नये. थोडं थांबावं, किंवा त्या डोमेनच्या मूळ डीएनएस सर्व्हरलाच थेट विचारावं.

आणि नोंद बदलली म्हणजे ॲप बदललं असं होत नाही. ॲन्सिबल स्वतःहून डीएनएसवर नजर ठेवत नाही. प्लेबुक पुन्हा चालवल्यावरच नवं मूल्य फाइलमध्ये उतरतं, आणि ॲप पुन्हा सुरू झाल्यावरच ते लागू होतं. सगळ्या सर्व्हरवर नवी फाइल पोचल्याची खात्री होईपर्यंत जुना डेटाबेस बंद करू नये.