शनिवारवाडा बघायला जाल, तेव्हा वाड्याबाहेरही बघा

पुण्यातल्या घाऊक खरेदीच्या व्हिडिओत रविवार पेठ, बोहरी आळी, पक्कं बिल, ट्रान्सपोर्ट हे सगळं आलं. एक गोष्ट मात्र राहिली, ती इथे लिहितो.

टेंभुर्णी, जाफराबाद, भोकरदन या आपल्या भागातून माणूस खरेदीला निघतो तो रात्रीच्या ट्रॅव्हल्सने. पहाटे पुण्यात उतरतो. घाऊक दुकानांची शटरं काही लवकर वर जात नाहीत. मधले तीन-चार तास बहुतेक जण टपरीवर चहा पीत, मोबाईल बघत घालवतात. माझं म्हणणं, तेवढ्या वेळात शनिवारवाडा करा. ऐन गावात आहे, बाजारापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे, तिकीट किरकोळ आहे. आणि धंदा करणाऱ्या माणसाला तिथे इतिहासापलीकडेही बरंच दिसतं.

आधी वाड्याबद्दल थोडक्यात. पहिल्या बाजीराव पेशव्यांनी १० जानेवारी १७३० रोजी पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत झाली. खर्च १६,११० रुपये. त्या आधी पेशव्यांचं बिऱ्हाड सासवडला होतं. म्हणजे मुख्य ऑफिसच पुण्यात आणलं म्हणा ना! तटबंदी, बुरूज आणि पाच दरवाजे. उत्तरेकडचा दिल्ली दरवाजा सगळ्यात मोठा. त्याच्या फळ्यांवर अणकुचीदार खिळे आहेत, हत्तीने धडक मारू नये म्हणून. आत गेल्यावर मात्र पहिल्यांदा येणारा माणूस हमखास म्हणतो, "अरे, वाडा कुठाय?"

वाडा नाहीच. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि २७ फेब्रुवारी १८२८ ला वाड्याला मोठी आग लागली. ती कित्येक दिवस धुमसत होती. लाकूडकाम, दिवाणखाने, मजले सगळं गेलं. उरला तो दगडी तट, दरवाजे, जोती आणि सवाई माधवरावांच्या वेळचं ते सोळा पाकळ्यांचं हजारी कारंजं. नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ ला इथेच झाला. गाइड लोक ती गोष्ट अगदी रंगवून सांगतात, "काका मला वाचवा"सकट. ऐका, पण सगळा वेळ त्यातच घालवू नका.

दिल्ली दरवाजावर नगारखाना आहे. वर जायला मिळालं तर जा आणि तोंड गावाकडे करून उभे राहा. आपल्या कामाचं तिथून पुढे सुरू होतं.

पेशव्यांनी पुण्यात पेठा वसवल्या. पेठ वसवायची म्हणजे नुसती जागा आखायची नाही. शेटे-महाजनांना हक्क दिले, नवीन येऊन दुकान मांडणाऱ्याला काही वर्षं करात सूट दिली. आजच्या एमआयडीसीच्या सवलतींसारखंच. सावकार आले, सोनार आले, कापडवाले आले, कारागीर आले. या सगळ्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कोण? वाडा. सैन्याला लागणारं सामान, लग्नकार्यं, दानधर्म, सरदारांची घरं, सगळा पैसा तिथून फिरायचा.

आणि एका वर्षात ते गिऱ्हाईक संपलं.

जरा थांबून याचा विचार करा. दरबार गेला, सरदार आपापल्या जहागिरीवर गेले, फौज मोडली. नवे राज्यकर्ते खडकीला आणि कॅम्पात राहायला लागले, त्यांची खरेदीही तिकडेच. पेठांतला धंदा बसला. तरी आज त्याच पेठांत चालायला जागा मिळत नाही, आणि ज्या वाड्याच्या जिवावर त्या उभ्या राहिल्या तो तिकीट काढून बघायची जागा झाला. हे कसं झालं, ते बघायला वाड्यातून बाहेर पडून कसबा पेठेत तांबट आळीत जा. पायी फार लांब नाही. पत्ता विचारायचीही गरज पडत नाही, ठोक्यांचा आवाज येतो.

हे तांबट मूळचे कोकणातले, पेशवाईत पुण्यात आणून वसवलेले. तेव्हा त्यांच्याकडे दरबाराचं काम होतं, नाणी आणि शस्त्रसामग्रीसुद्धा. दरबार गेल्यावर या लोकांनी तोच हातोडा, तेच तांबं आणि तेच मठारकाम घरोघरच्या भांड्यांकडे वळवलं. बंब, घंगाळ, हंडे, कळशा. एका मोठ्या गिऱ्हाईकाऐवजी हजारो लहान. पुढे स्टील आलं, प्लास्टिक आलं, गीझर आला. बंबाचं काम नव्हतं तेवढं कमी झालं. हा दुसरा फटका पहिल्याहून वाईट, कारण आता गिऱ्हाईक होतं, पण त्याला माल नको होता. कितीतरी घरांनी काम सोडलं, हे खरंच आहे, उगाच गुलाबी चित्र रंगवत नाही. जी टिकली त्यातली काही आता हॉटेलांसाठी, घरसजावटीसाठी, डिझायनरांच्या नमुन्यांवर काम करतात. मठारलेल्या तांब्याची चमक मशीनला तशीच्या तशी जमत नाही, म्हणून त्याला भाव आहे.

दुसरं उदाहरण मंडईचं. पुण्याचा भाजीबाजार पूर्वी भरायचा याच शनिवारवाड्यासमोरच्या उघड्या मैदानात. १८८६ मध्ये शुक्रवार पेठेत पक्की मंडई झाली, तेव्हाचं रे मार्केट. या बांधकामावर नगरपालिकेने एवढा खर्च करू नये, असं जोतीराव फुल्यांनी ठामपणे मांडलं होतं. आज त्याच मंडईला महात्मा फुले मंडई म्हणतात! बाजार वाड्यापासून उठला, पण गिऱ्हाईक मागोमाग गेलं, कारण भाजी रोज लागते. जागा महत्त्वाचीच, पण रोज लागणारा माल जागेपेक्षा भारी पडतो, हे मी क्लासमध्ये नेहमी सांगतो.

तुळशीबागेचंही तसंच. राममंदिर पेशवेकालीन, भोवती बाजार. पितळेची खरी भांडी घेणारे कमी झाले तरी भातुकलीची इवली भांडी तिथे अजून विकली जातात.

आता आपल्याकडे या. जालना म्हणजे बियाणं आणि स्टील. आपल्या बॅचमधल्या कितीतरी जणांचा धंदा एकाच ठिकाणावर उभा आहे. कुणाचा डबा एकाच कारखान्यात जातो, कुणाच्या गाड्या एकाच कंपनीला लागतात, एका बचत गटाचे सगळे पापड एकच व्यापारी उचलतो. ऑर्डर मोठी असते, पैसे एकरकमी येतात, त्यामुळे छान वाटतं. पण वही काढा आणि मागच्या तीन महिन्यांची विक्री गिऱ्हाईकवार लिहा. पहिल्या नावासमोर निम्म्याहून जास्त रक्कम आली, तर तो तुमचा शनिवारवाडा. त्याला सोडा असं मी मुळीच म्हणत नाही, तांबटांनीही दरबाराचं काम आपणहून सोडलं नव्हतं. फक्त त्याच हत्यारांनी दुसरं कोणतं काम होईल, ते हातात ऑर्डर असतानाच शोधायला घ्या. डबेवाल्या ताईंकडे मोठी भांडी आहेत, शेगडी आहे, दोन बायका कामाला आहेत. बारसं, साखरपुडा, डोहाळजेवण यांच्या पंचवीस-तीस पानांच्या ऑर्डरी याच सामानात होतात. पहिल्या दोन महिन्यांत नफा नाही दिसला तरी चालेल.

जाताना काही गोष्टी लक्षात ठेवा. वाड्यात सकाळीच जा, उन्हात त्या जोत्यांवर फिरवत नाही. तांबट आळीत लोक कामात असतात, फोटोआधी विचारा. भांडं घ्यायचं असेल तर धातूचा दर आणि मजुरी वेगवेगळी विचारा, आणि मशीनच्या भांड्याशी भाव लावू नका. दोन-चार नग आणून दुकानात दर्शनी ठेवायला हरकत नाही, लग्नसराईत आहेरासाठी लोक विचारतात. बोहरी आळीतला जड माल मात्र अगदी शेवटी घ्या आणि सरळ ट्रान्सपोर्टला टाका, नाहीतर दिवसभर पोतं सांभाळत बसाल.