लेकराच्या डोळ्यांतलं पन्नासचं दशक

बिल ब्रायसनचं ‘द लाइफ अँड टाइम्स ऑफ द थंडरबोल्ट किड’ मराठवाड्यातल्या पिंगळी गावात बसून वाचताना मी कितीदा तरी मोठ्यानं हसलो. बालपणीच्या आठवणींचं हे पुस्तक २००६चं, गोष्ट अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या डे मॉइन शहराची. ब्रायसनचा जन्म १९५१चा. तळघरात त्याला एक जुनी लोकरी जर्सी सापडते, तिच्या छातीवर विजेचं चिन्ह. झालं! आपण या घरचे नव्हेच, परग्रहावरून आलोय आणि नकोशा माणसांना नुसत्या नजरेनं भस्म करू शकतो, असं पोरगं ठरवून टाकतं. आई-वडील दोघंही तिथल्या दैनिकात नोकरीला. वडील खेळांवर लिहिणारे, आई गृहसजावटीचं पान सांभाळणारी. तिच्या हातचं जेवण बहुतेकदा करपलेलं, आणि त्यावर ब्रायसन फार मायेनं लिहितो.

पण सुखवस्तू घराबाहेर अणुचाचण्या होत्या, पोलिओची धास्ती होती, कम्युनिस्टांचा बागुलबुवा होता. ब्रायसन मधूनमधून मोठा होतो आणि त्या काळाची माहिती भरभरून देतो. ती मला आवडली. तरी पुस्तक खरं खुलतं ते पोराच्या हाती सूत्रं असतात तेव्हाच.

आपल्याकडे हे पोराच्या नजरेतून सांगणं प्रकाश नारायण संतांनी साधलं. ‘वनवास’, ‘शारदा संगीत’ आणि ‘पंखा’ या कथासंग्रहांतला लंपन नावाचा पोरगा बेळगावकडच्या मुलखात आजी-आजोबांकडे वाढतो. या कथा आहेत, आत्मचरित्र नव्हे. पण त्यांत मोठं माणूस एकदाही मध्ये तोंड घालत नाही. आई-बाबांपासून दूर राहण्याचं दुःख लंपन सांगत बसत नाही; तो उत्साहानं भलतंच काही सांगत राहतो, आणि हसता हसता आपला घसा दाटून येतो. या बाबतीत मला लंपन ब्रायसनपेक्षा सरस वाटतो.

मराठवाड्याचं असं पुस्तक मला फार हवं आहे. ऐवज केवढा आहे! १९५१ साली पिंगळीत जन्मलेलं लेकरू हैदराबाद राज्यातलं. १ नोव्हेंबर १९५६ला ते द्विभाषिक मुंबई राज्यात गेलं, १ मे १९६०ला महाराष्ट्रात आलं. आठ-नऊ वर्षांत तीन राज्यं, आणि माळवदाचं घर जागच्या जागी! पैशांचंही तसंच. निजामाचा हाली सिक्का अजून चालायचा आणि भारत सरकारचा रुपया म्हणजे कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार. त्यात १ एप्रिल १९५७पासून आणे जाऊन नवे पैसे आले. मूठभर नाणी घेऊन दुकानासमोर उभ्या राहिलेल्या पोराचा हिशेब, यातच एक अख्खं प्रकरण आहे.

अशा लेकराच्या मोठ्या भावंडांच्या आठवणी आणखी मागे जातात: उर्दू शाळा, निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रजाकारांची दहशत, १७ सप्टेंबर १९४८ची निजामाच्या राजवटीतून मुक्ती. त्या भयाचीही लेकरांच्या मनात स्वतःची गोष्ट असते. गावातल्या एका आजोबांना मी रजाकारांबद्दल विचारलं, तर ते आधी बोलले ते लपायला मिळालेल्या कणगीबद्दल: आत किती अंधार होता, ज्वारीची कुसळं अंगाला कशी टोचत होती, आणि शिंक दाबताना धाकट्या बहिणीनं त्यांचं नाक कसं चिमटीत धरलं होतं. भीतीचं त्यांनी नंतर सांगितलं, तेही मी पुन्हा विचारल्यावर.