फॉस्फेटची चार कामे

जेवणातल्या साखरेचा काही भाग स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन होऊन साठतो. गरज पडली की ग्लुकोजच्या त्या फांद्याळ साखळ्यांच्या टोकाचा एकेक घटक सुटा करणारे विकर म्हणजे ग्लायकोजेन फॉस्फोरिलेज. रचना, क्रिया आणि नियंत्रण यांची गुंतागुंत एकाच प्रथिनात इतकी उघड करून दाखवणारे दुसरे विकर मला माहीत नाही. आणि तिथे पुन्हा पुन्हा भेटतो तो फॉस्फेटचा एवढासा अणुगट.

गेर्टी आणि कार्ल कोरी हे प्रागहून अमेरिकेत गेलेले दांपत्य. १९३६ मध्ये सेंट लुईस इथे बेडकाच्या स्नायूंचा धुतलेला खिमा तपासताना त्यांना ग्लुकोज-१-फॉस्फेट सापडले. म्हणजे साखळी तोडायला इथे पाणी नव्हे, फॉस्फेट येतो. याचा फायदा मोठा आहे: ग्लुकोज बाहेर पडतो तोच फॉस्फेट घेऊन, त्यामुळे तो स्नायुपेशीतून निसटत नाही आणि पुढे त्याच्यावर एटीपीचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचा) एक रेणू खर्चावा लागत नाही. विकराची क्रियाशील जागा म्हणूनच खोल दडलेली आहे. पाणी तिथवर पोचले तर नुसता ग्लुकोज सुटेल. तिथे नेणारी वाट अरुंद आहे, म्हणून फांदीच्या चार घटक अलीकडेच हे विकर थांबते आणि पुढचे काम दुसऱ्या विकरावर सोपवते.

त्या जागेत ब-६ जीवनसत्त्वापासून बनलेले पिरिडॉक्सल फॉस्फेट बसलेले असते. एरवी अमिनो आम्लांच्या विकरांत या रेणूचा अल्डिहाइड गट राबतो. इथे तो गट प्रथिनाला जखडलेला आहे, आणि ते बंधन रासायनिक रीतीने कायमचे पक्के केले तरी विकर बरेचसे काम करते. उपयोगी पडतो तो त्याचा फॉस्फेट: शेजारच्या फॉस्फेटला प्रोटॉन देणे-घेणे त्याच्याकडे. जीवनसत्त्वाचा असा वेगळा वापर निसर्गात क्वचितच आढळतो.

नियंत्रणाची कथा मात्र एका गाळणकागदाने फिरवली. कोरींना या विकराची दोन रूपे मिळाली होती. ‘बी’ हे रूप एएमपी (एटीपीतले दोन फॉस्फेट गेल्यावर उरणारा रेणू) दिल्याशिवाय चालत नसे. ‘ए’ आपोआप चाले. ‘ए’ला एएमपी चिकटलेला असावा असा त्यांचा तर्क होता, पण तो हाती लागेना. १९५० च्या दशकात सिॲटलमध्ये एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज (‘क्रेब्ज चक्रा’चे क्रेब्ज ते हान्स, हे वेगळे) यांनी स्नायूंचा अर्क गाळण्याऐवजी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला, तर फक्त ‘बी’ मिळाले. कागदातून गाळला की ‘ए’! कागदातले कॅल्शियम अर्कातल्या दुसऱ्या एका विकराला जागे करत होते आणि ते एटीपीचा फॉस्फेट फॉस्फोरिलेजवर चढवत होते. प्रथिनावर फॉस्फेट चढवून-उतरवून त्याचे काम चालू-बंद करता येते, हे इथे कळले. १९९२ चे नोबेल याच शोधाला मिळाले.

हा फॉस्फेट बसतो १४व्या अमिनो आम्लावर, सेरीनवर. क्रियाशील जागा तिथून ३० अँगस्ट्रॉमहूनही दूर. मग निरोप पोचतो कसा? ऑक्सफर्डला लुईस जॉन्सन आणि सॅन फ्रान्सिस्कोला रॉबर्ट फ्लेटरिक यांच्या गटांनी क्ष-किरणांनी स्फटिक तपासून ते दाखवले. विकर दोन सारख्या अर्ध्यांचे असते. सेरीनवरचा ऋणभारित फॉस्फेट दोन्ही अर्ध्यांतल्या आर्जिनिनांना धरतो, अर्धे एकमेकांसापेक्ष सुमारे १० अंश फिरतात, आणि क्रियाशील जागेत वाट अडवणारे ॲस्पार्टिक आम्ल बाजूला होऊन त्याच्या जागी फॉस्फेटला ओढून घेणारे आर्जिनिन येते. एएमपीही वेगळ्या ठिकाणी बसून, त्याच्या फॉस्फेटच्या आधारे, असाच बदल घडवतो: पेशीत ऊर्जा आटल्याची ती खूण. एटीपी आणि ग्लुकोज-६-फॉस्फेट तिथेच बसतात आणि विकराला आवरतात.

स्नायूंत हे विकर नसलेच तर काय होते, याचे वर्णन ब्रायन मॅकआर्डल यांनी लंडनहून १९५१ मध्ये केले होते: श्रम केले की स्नायू दुखून आखडतात आणि रक्तातले लॅक्टेट वाढतच नाही.

यकृतात या विकराचे थोडे वेगळे रूप असते; त्याचा मालक रक्तातला ग्लुकोज. तो थेट क्रियाशील जागेत शिरतो आणि विकराला मिटलेल्या, निष्क्रिय घडणीत ढकलतो. त्या घडणीत सेरीनवरचा फॉस्फेट उघडा पडतो आणि फॉस्फेट काढणारे विकर तो उतरवते. मधुमेहासाठी याच विकराला रोखणारी रसायने शोधली गेली. पण यकृत आणि स्नायूंतल्या रूपांची घडण इतकी मिळतीजुळती आहे, की एकाला थांबवताना दुसऱ्याला मोकळे ठेवणे ही तिथली एक मोठी अडचण आहे.